टाइमप्लीज घेऊन पळणारे

२० सप्टेंबर २०२५. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, नॉर्मन नावाच्या गावात ओक्लाहोमा विद्यापीठ विरुद्ध ऑबर्न विद्यापीठ असा फुटबॉलचा सामना चालू आहे. आपला पायाने खेळायचा नव्हे, त्यांचा, हेल्मेट घालून खेळायचा. दुसरं क्वार्टर. एक चाल संपलीय, पुढची सुरू व्हायचीय, खेळाडू आत-बाहेर करतायत. ओक्लाहोमाचा आयझाया सटेग्ना हा रिसीव्हर मैदानाच्या कडेकडे निघतो. बदली झालेला खेळाडू जसा निघतो तसाच, सावकाश. ऑबर्नच्या बचावफळीतलं कुणी त्याच्याकडे बघत नाही. बघायचं कशाला? बाहेर चाललाय तो. पण तो रेषेबाहेर जातच नाही. रेषेच्या अलीकडे थांबतो. चेंडू खेळात येतो आणि हा मोकळ्या कडेनं सुसाट सुटतो. क्वार्टरबॅक जॉन मटीर त्याच्याकडे चेंडू फेकतो. २४ यार्डांचा टचडाउन.

ओक्लाहोमानं तो सामना २४–१७ असा जिंकला. टचडाउनचे सहा आणि त्यानंतरच्या किकचा एक, असे मिळून सात होतात. फरकही सातचाच. सामन्यानंतर त्यांच्या लीगनं, म्हणजे एसईसीनं, जाहीर केलं की ही चाल बेकायदा होती, पंचांनी ती पकडायला हवी होती, १५ यार्डांचा दंड व्हायला हवा होता. स्कोअर अर्थातच बदलला नाही.

मी ही क्लिप पहिल्यांदा फोनवर बघितली तेव्हा मोठ्यानं हसले. दुसऱ्यांदा बघितली तेव्हा मला आमच्या गल्लीतला एक मुलगा आठवला. पकडापकडीत राज्य त्याच्या अगदी जवळ आलं की तो हात वर करून ओरडायचा, ‘टाइमप्लीज!’ बुटाची नाडी सुटली म्हणून खाली वाकायचा. राज्य असलेली मुलगी बिचारी दोन पावलं मागे सरकायची. आणि हा वाकलेल्या जागेवरून उठून धूम. आम्ही त्याला काय काय म्हणालो ते इथे लिहीत नाही. पण लक्षात राहिलेली गोष्ट वेगळीच आहे. त्यानंतर आठवडाभर कुणीच कुणाला टाइमप्लीज देईना. एकीच्या पायात खरोखर काच घुसली तरी राज्य असलेल्यानं तिला आधी आउट केलं, मग विचारलं काय झालं म्हणून.

कॉलेज फुटबॉलमधल्या चकव्यांबद्दल जेवढं वाचलं-पाहिलं, त्यात मला हाच मुलगा पुन्हा पुन्हा दिसत राहिला. त्या देशात या चकव्यांवरून दर काही वर्षांनी वाद पेटतो: कायदेशीर की बेकायदा, चलाखी की लबाडी. वाद बहुतेक वेळा एका प्रश्नावर अडकतो, तो म्हणजे फसवणूक किती मोठी होती. माझ्या मते मापच चुकतंय. फसवणूक किती, यापेक्षा ती कशाबद्दल होती हे बघायला हवं. आपल्याकडे यासाठी दोन छान शब्द आहेत. हूल आणि थाप. हूल म्हणजे डावीकडे जातेय असं दाखवून उजवीकडे जाणं. समोरच्याला माहीत असतं की डाव चालू आहे आणि मी त्याला चकवायला टपलेय. थाप म्हणजे डाव चालूच नाहीये असं त्याला पटवून देणं आणि त्यानं अंग सैल सोडलं की वार करणं.

ज्यांनी हा खेळ कधी बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक प्रयत्न काही सेकंदांचा. मधला खेळाडू वाकून चेंडू दोन पायांमधून मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात, आणि तिथून चाल सुरू होते. कुणी पडलं, पकडलं गेलं, फेकलेला चेंडू कुणी न झेलता जमिनीवर पडला की चाल संपली. मग सगळे पुन्हा रांगेत. फुटबॉल किंवा हॉकी वाहती असते. हा खेळ थांबून थांबून चालतो, आणि प्रत्येक थांब्यात पुढच्या चालीचा कट शिजतो. खेळाडू घोळका करून, डोकी एकत्र आणून बोलतात तो ‘हडल’ तुम्ही चित्रपटांत बघितला असेल. तो गॅलोडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात १८९०च्या दशकात सुरू झाला असं सांगतात. खाणाखुणांची भाषा समोरच्यांना वाचता येऊ नये म्हणून ते गोल करून उभे राहायचे. म्हणजे लपवाछपवी या खेळाच्या हाडात आहे. चेंडू दिल्यासारखं करून न देणं, फेकल्यासारखं करून पळणं, पळाल्यासारखं करून फेकणं, हे तर प्रत्येक सामन्यात चालतं. त्याला कुणी नावं ठेवत नाही. ठेवली तर खेळच उरणार नाही.

या लपवाछपवीचं सगळ्यात सुंदर रूप बघायचं असेल तर १ जानेवारी २००७चा फिएस्टा बोल शोधा. बॉयसी स्टेट विरुद्ध पुन्हा एकदा ओक्लाहोमा. बॉयसी स्टेट हे आयडाहोमधलं, मोठ्या लीगांच्या खिजगणतीत नसलेलं विद्यापीठ. मोसमभर एकही सामना न हरता आलेलं, पण ते कोणाशी जिंकले विचारा, असं हिणवलं गेलेलं. शेवटच्या मिनिटात ते ३५–२८ असे मागे पडले. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न, आणि गाठायचे होते १८ यार्ड. क्वार्टरबॅक झब्रान्स्कीनं मध्यभागी एक साधा पास दिला. पकडणारा त्याच दिशेनं पळू लागला, सगळी ओक्लाहोमा त्याच्यावर धावली, आणि त्यानं विरुद्ध दिशेनं येणाऱ्या साथीदाराच्या हातात चेंडू टाकला. टचडाउन. घड्याळात सात सेकंद. जादा वेळेत ओक्लाहोमानं पहिल्याच चालीत टचडाउन केला. बॉयसीनं पुन्हा चौथ्या प्रयत्नावर, ज्याचं कामच पास फेकणं नाही अशा खेळाडूकडून पास फेकवला. तोही टचडाउन. आता किक मारून बरोबरी करायची की दोन गुणांसाठी जायचं? ते दोनसाठी गेले. झब्रान्स्कीनं उजव्या हातानं उजवीकडे पास फेकल्याचा अभिनय केला. हात रिकामा. चेंडू डाव्या हातात, पाठीमागे. तिथून तो इयन जॉन्सननं उचलला आणि डावीकडून, जिथे कुणीही नव्हतं, चालत गेल्यासारखा आत गेला. ४३–४२. मग त्यानं कॅमेऱ्यासमोर आपल्या मैत्रिणीला लग्नाची मागणी घातली, हे या सामन्याचं पटकथेलाही शोभलं नसतं असं शेपूट.

त्या पाठीमागच्या चेंडूच्या चालीला ‘स्टॅच्यू ऑफ लिबर्टी’ म्हणतात आणि ती तेव्हाही जुनाट होती. ओक्लाहोमाच्या बचावपटूंना ती ठाऊक नव्हती असं शक्यच नाही. ते फसले कारण त्यांनी अंदाज चुकीचा बांधला. चाल चालू आहे, समोरचे काहीतरी करणार आहेत, हे त्यांना पक्कं माहीत होतं. हरल्यावर डोकं धरून बसता येतं, पण तक्रार करता येत नाही. ही हूल.

नियमपुस्तक उघडलं तर ही रेषा तिथे आधीपासून आखलेली सापडते, फक्त कुणी तिला नाव दिलेलं नाही. अगदी प्राथमिक नियम घ्या. स्नॅपच्या आधी चेंडूवाल्या बाजूच्या खेळाडूनं चाल सुरू झाल्यासारखी हालचाल केली की दंड. क्वार्टरबॅकला आवाजाचा चढ-उतार करून समोरच्यांना चकवता येतं, पण अंग हलवून ‘सुरू झालं’ असं खोटं सांगता येत नाही. म्हणजे इतक्या खोटेपणाला मुभा देणारा खेळ एका बाबतीत अगदी सोवळा आहे: डाव सुरू आहे की नाही, याबद्दल खोटं बोलायचं नाही. खोटी बदली दाखवून प्रतिस्पर्ध्याला गोंधळात टाकायचं नाही, हा नियम याच घराण्यातला. सटेग्ना त्यातच सापडायला हवा होता. शिवाय प्रत्येक चालीआधी चेंडूवाल्या बाजूच्या खेळाडूनं क्षणभर तरी मैदानाच्या आतल्या ठरावीक खुणांपर्यंत आलेलं असावं लागतं. असा नियम करावा लागला याचा अर्थच हा की कडेला लपून बसण्याची युक्ती जुनी आहे.

जुनी म्हणजे किती? इथे ऑबर्नवाल्यांनी थोडं सावरून बसावं. १८९५ साली जॉन हाइझमन हा ऑबर्नचा प्रशिक्षक होता. व्हँडरबिल्टविरुद्ध त्याच्या संघानं चेंडू चक्क एका खेळाडूच्या शर्टाच्या आत लपवला आणि टचडाउन केला. त्याच हाइझमनच्या नावानं आज कॉलेज फुटबॉलमधला सगळ्यात मानाचा पुरस्कार दिला जातो. ऑबर्न तो सामना ९–६ असा हरलं, ही गोष्ट वेगळी.

शर्टातल्या चेंडूची जास्त गाजलेली गोष्ट मात्र आठ वर्षांनंतरची आहे, आणि माझी हूल-थापेची साधी वाटणी तिथे अडखळते. पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल नावाची शाळा होती. १८७९ साली सुरू झालेली, सरकारी पैशावर चालणारी. मूळ अमेरिकी जमातींची मुलं घरापासून तोडून तिथे आणायची, केस कापायचे, नावं बदलायची, स्वतःची भाषा बोलायला बंदी करायची. त्यांच्यातला ‘इंडियन’ मेला पाहिजे, म्हणजे माणूस वाचेल, अशी संस्थापकाची जाहीर धारणा होती. शाळेच्या आवारात दीडशेहून जास्त मुलांची थडगी होती. या शाळेचा फुटबॉल संघ होता आणि त्याचा प्रशिक्षक होता पॉप वॉर्नर.

३१ ऑक्टोबर १९०३. कार्लाइल विरुद्ध हार्वर्ड. उत्तरार्धाच्या सुरुवातीला हार्वर्डनं चेंडू किक केला. जिमी जॉन्सननं तो झेलला आणि सगळे कार्लाइलवाले त्याच्याभोवती गोळा झाले. त्या घोळक्यात चेंडू चार्ल्स डिलन या सू जमातीच्या धिप्पाड खेळाडूच्या जर्सीत पाठीमागून सरकवला गेला. तिथे आधीच इलॅस्टिक शिवून ठेवलं होतं. मग घोळका फुटला आणि जो तो पोटाशी काहीतरी घट्ट धरल्यासारखा पळत सुटला. हार्वर्डची मुलं एकेकाला आडवं पाडत होती आणि प्रत्येकाकडे काहीच निघत नव्हतं. डिलन दोन्ही हात मोकळे हलवत, पाठीवर फुगवटा घेऊन सगळं मैदान पार करून गेला. रिकाम्या हातांच्या माणसाला कोण अडवणार?

कार्लाइल ११–० असं पुढे गेलं, आणि शेवटी १२–११ असं हरलं.

माझ्या कसोटीवर ही हूल आहे. किक झालीय, चाल चालू आहे, प्रत्येकाला माहीत आहे. फक्त चेंडू सापडत नाहीये. तरीही पुढे चेंडू कपड्यात लपवण्यावर बंदी आली आणि मला ती योग्य वाटते. शर्टातला चेंडू हिसकावता येत नाही, हातातून सुटत नाही, म्हणजे त्याच्यासाठी झगडताच येत नाही. वॉर्नरनं स्वतः पुढे मान्य केलं होतं की ही चाल पूर्णपणे चोख आहे असं त्यालाही वाटत नव्हतं आणि त्याच्या पोरांनाही नाही. इथवर ठीक. पण ‘फसवणूक’ हा शब्द या सामन्याच्या संदर्भात उच्चारताना माझी जीभ अडते. ज्या मुलांना त्यांच्या आईबापांपासून, भाषेपासून, नावापासून फसवून तोडलं, त्यांनी देशातल्या सगळ्यात प्रतिष्ठित विद्यापीठाच्या पोरांना एका दुपारी पाचेक मिनिटं मूर्ख बनवलं. त्यांना खिलाडूपणाचं व्याख्यान कुणी द्यायचं? त्या काळच्या गोऱ्यांच्या गोष्टींत ‘इंडियन’ हा कपटी असणं ठरलेलंच असे. हाइझमननं तीच गोष्ट केली की ती कल्पकता. कोणती युक्ती ‘गनिमी कावा’ आणि कोणती ‘दगाबाजी’, हे युक्ती करणारा कोण यावर ठरतं, हे महाराष्ट्रात वाढलेल्या कुणाला फोड करून सांगायला नको.

आणि याच्याही पुढची गोष्ट म्हणजे कार्लाइलला युक्तीची गरज होती अशातला भाग नाही. १९०७ला त्यांनी हार्वर्डला २३–१५ हरवलं, १९११ला १८–१५. त्या दुसऱ्या सामन्यात जिम थॉर्पनं चार फील्ड गोल मारले. पण आठवणीत काय राहिलं? इलॅस्टिक.

आणखी एक हूल सांगते, कारण तिच्या शेवटात मला जास्त रस आहे. २ जानेवारी १९८४चा ऑरेंज बोल, नेब्रास्का विरुद्ध मायामी. नेब्रास्का मोसमभर अजिंक्य, पण या सामन्यात १७–० असं मागे. क्वार्टरबॅकनं चेंडू मुद्दाम जमिनीवर ठेवून दिला आणि चेंडू हातात असल्यासारखा एका बाजूला पळाला. सगळे त्याच्या मागे. डीन स्टाइनकूलर नावाच्या अवाढव्य गार्डनं, ज्याचं आयुष्य लोकांना ढकलण्यात गेलेलं, तो जमिनीवरचा चेंडू उचलला आणि दुसऱ्या बाजूनं १९ यार्ड धावत टचडाउन केला. याला ‘फंबलरूस्की’ म्हणतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ती कॉलेज फुटबॉलमधून हद्दपार झाली. मला त्याची हळहळ वाटते. तिथे कुणाच्या भरवशाचा गैरफायदा घेतला नव्हता. चेंडू उघड्यावर पडलेला होता, बघणाऱ्यानं बघायचा.

पण त्या सामन्याचा शेवट असा: ४८ सेकंद असताना नेब्रास्कानं फरक ३१–३० वर आणला. किक मारली असती तर बरोबरी, आणि बरोबरीतही राष्ट्रीय विजेतेपद जवळपास त्यांचंच होतं. प्रशिक्षक टॉम ऑस्बोर्न बरोबरी घ्यायला तयार नव्हता. दोन गुणांसाठी गेला. पास बोटांना लागून खाली पडला. मायामी विजेता. चेंडू जमिनीवर ठेवून जगाला उल्लू बनवणारा आणि बरोबरीचं विजेतेपद नाकारणारा, एकच माणूस, एकाच रात्री. चकवा देणं आणि प्रामाणिक असणं यांत काही वैर आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा सामना बघावा.

आता थापेकडे.

४ डिसेंबर २०२१, शार्लट. पिट्सबर्ग विरुद्ध वेक फॉरेस्ट, एसीसी लीगचा अंतिम सामना. पिट्सबर्गचा क्वार्टरबॅक केनी पिकेट चेंडू घेऊन पळतोय. इथे एक नियम माहीत हवा. चेंडू घेऊन पळणारा पाय पुढे टाकून जमिनीवर घसरला की चाल तिथेच संपते. त्यानंतर त्याला धडक मारली तर १५ यार्डांचा दंड, आणि डोक्याला लागलं तर धडक मारणारा सामन्यातून बाहेर काढला जाऊ शकतो. हा नियम कौतुकासाठी नाही, मेंदूच्या इजांसाठी आहे. पिकेट पळता पळता पाय असे आखडतो की आता घसरणार. समोरचे बचावपटू थांबतात. त्यांना थांबायचं शिकवलंय, न थांबण्याची शिक्षाही ठरलेली आहे. आणि पिकेट घसरत नाही. पुन्हा वेग घेतो. ५८ यार्डांचा टचडाउन. पिट्सबर्ग ४५–२१.

ही शंभर टक्के नाडी बांधायला वाकलेल्या मुलाची गोष्ट आहे. त्या बचावपटूंचा अंदाज चुकला नव्हता, त्यांनी सभ्यपणा दाखवला होता. आणि या सभ्यपणाची किंमत पुढचा कुणीतरी वेगळाच क्वार्टरबॅक मोजणार होता, जो खरोखर घसरत असेल आणि ज्याच्यावर समोरचा ‘हा पण नाटक करतोय’ म्हणून शंभर किलोनिशी आदळेल. कॉलेज क्रीडा संघटनेनं, एनसीएएनं, आठवडाही न उलटू देता फर्मान काढलं: घसरण्याचं नाटक केलं तरी चेंडू तिथेच मृत. मला हा निर्णय आवडला. नाटक करणाऱ्याला शिक्षा नाही, तू जे बोललास तेच आम्ही खरं धरतो, एवढंच.

पण मग मला नॉर्थ टेक्ससचं काय करायचं ते कळत नाही. १५ सप्टेंबर २०१८, आर्कान्सामध्ये. समोरच्यांनी उंच किक मारली. अशी किक झेलणाऱ्याला हात वर करून हलवता येतो. तसं केलं की तो पळणार नाही आणि त्याला कुणी धडक मारायची नाही. अगदी टाइमप्लीज. कीगन ब्रुअरनं हात वर केलाच नाही. पण चेंडू झेलून तो नुसता उभा राहिला. त्याचे साथीदारही ढिले पडले. आर्कान्साचे खेळाडू जवळ येऊन थबकले. चाल संपली असणार. एक-दोन सेकंद. मग ब्रुअर सुटला तो ९० यार्ड. नॉर्थ टेक्सस ४४–१७.

मी ही क्लिप वीसेक वेळा तरी बघितली असेल. कायद्यानं पूर्ण स्वच्छ. त्यानं खूण केली नाही आणि शिट्टीही वाजली नव्हती. आर्कान्साच्या पोरांनी हात बघायला हवा होता. हे सगळं बरोबर आहे. आणि तरीही ते थांबले ते एका निराधार माणसाला, जो वर चेंडूकडे बघतोय आणि ज्याला येणारी धडक दिसत नाही अशाला, इजा होऊ नये म्हणूनच ना? ब्रुअर एक शब्द खोटं बोलला नाही. फक्त गप्प राहिला, आणि समोरच्यांनी त्या गप्प राहण्याचा जो अर्थ लावला तो त्याला हवाच होता. महाभारतातल्या युधिष्ठिराचं अश्वत्थाम्याबद्दलचं अर्धं वाक्यही तांत्रिकदृष्ट्या खरंच होतं. कथाकारानं त्याला सोडलं नाही, तरंगणारा रथ जमिनीवर आणला. द्रोणानं दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवलाच नसता. जो खोटं बोलत नाही त्याच्याच तोंडून ते फसवं वाक्य निघणं गरजेचं होतं. तरी, हो, ब्रुअरवर बंदी घालावी असं मला वाटत नाही. हसू येतंच. माझी कसोटी इथे हलते, हे मान्य.

क्रिकेटनं ही रेषा आणखी आत ओढलीय. २०१७पासून क्षेत्ररक्षकानं चेंडू अडवल्याचं किंवा फेकल्याचं नाटक करून फलंदाजाला मुद्दाम फसवलं तर पाच धावांचा दंड आहे. गुगली चालते, खोटा थ्रो चालत नाही. गोलंदाजानं चेंडूबद्दल खोटं बोलावं, क्षेत्ररक्षकानं बोलू नये. २०२१ साली जोहान्सबर्गला क्विंटन डी कॉकनं दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं, फखर झमान १९३वर असताना रेंगाळला आणि धावबाद झाला, तेव्हा हा नियम लावायला हवा होता की नाही यावर भरपूर भांडण झालं. पंचांनी लावला नाही. मला अमेरिकन फुटबॉल इतका सोवळा व्हायला नकोय. बॉयसीचा तो रिकामा उजवा हात म्हणजे खोटा थ्रोच की!

थापेचा एक कोरडा, हिशेबी नातेवाईक आहे, त्याचं नाव घेतल्याशिवाय हे पुरं होणार नाही. १२ ऑक्टोबर २०२४, ओरेगन ३२, ओहायो स्टेट ३१, दहा सेकंद शिल्लक. ओरेगननं बचावाला बारा खेळाडू उभे केले. अकराच्या जागी बारा. ओहायो स्टेटचा पास फुकट गेला, चार सेकंद गेले, दंड फक्त पाच यार्ड. सेकंद परत मिळाले नाहीत. शेवटच्या चालीत ओहायो स्टेटचा क्वार्टरबॅक पळत पुढे गेला आणि घसरला (हा खरोखर), आणि घड्याळ शून्यावर. ओरेगनचा प्रशिक्षक डॅन लॅनिंगनं नंतर जे सूचक उत्तर दिलं त्यावरून हे चुकून झालं असं कुणी मानलं नाही. एनसीएएनं काही दिवसांतच खुलासा काढून ती फट बुजवली: अशा वेळी गेलेले सेकंद मागून घेता येतील. इथे फसवणूकही नाही खरं तर. नियम म्हणजे दरपत्रक समजून, परवडतंय बघून, मोडलेला आहे. खोट्या दुखापतींचंही तेच. वेगानं चाली करणाऱ्या संघाला रोखायला बचावपटू अचानक पाय धरून आडवा होतो. नियमपुस्तकाच्या आचारसंहितेत हे अनैतिक म्हटलंय आणि वर्षानुवर्षं ते तसंच चालू राहिलंय, कारण अनैतिक म्हणण्याला यार्ड लागत नाहीत. २०२५पासून पुढच्या चालीसाठी चेंडू जागेवर ठेवल्यानंतर कुणी आडवा झाला आणि त्याला बघायला वैद्यकीय माणसं आत आली, तर त्या संघाचा एक टाइमआउट जातो. म्हणजे खरोखर पाय मुरगळलेल्यालाही आता बाकाकडे बघून हिशेब करावा लागणार, आपल्याकडे टाइमआउट उरलेत ना. काच घुसलेली मुलगी मला इथे पुन्हा आठवली.

या सगळ्या प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. नियम बदलतो, खुलासा निघतो, गुण मात्र ज्यानं मिळवले त्याच्याकडेच राहतात. उलटं उदाहरण मला एकच ठाऊक आहे आणि त्यात युक्ती नव्हतीच, पंचांची चूक होती. १६ नोव्हेंबर १९४०, कॉर्नेल विरुद्ध डार्टमथ. पंचांच्या मोजण्यात गफलत होऊन कॉर्नेलला चारऐवजी पाच प्रयत्न मिळाले, पाचव्यावर टचडाउन झाला, कॉर्नेल ७–३ असं जिंकलं. नंतर फिल्म बघितल्यावर चूक स्पष्ट झाली. कॉर्नेलनं डार्टमथला तार केली की विजय तुमचा. डार्टमथनं तो घेतला. नोंद ३–० अशी आहे. पन्नास वर्षांनी, १९९०ला, कोलोरॅडोला मिझुरीविरुद्ध असाच पाचवा प्रयत्न मिळाला. त्यांनी ३३–३१ विजय ठेवून घेतला आणि त्या वर्षीच्या राष्ट्रीय विजेतेपदात वाटा मिळवला.

ओक्लाहोमा–ऑबर्नची नोंद २४–१७ आहे. मी ती क्लिप अजून अधूनमधून बघते. आता सटेग्नाकडे बघत नाही. तो निघतो तेव्हा ऑबर्नवाले त्याला जाऊ देतात, पाठ फिरवतात, आणि मैदानाची ती कड पूर्ण रिकामी होते, तेवढाच भाग बघते.